वृद्धाश्रमात उलट्या-जुलाबांची साथ : पहिल्या दोन दिवसांत नेमकं काय करायचं?

वारजे_व्यवस्थापन · शुक्रवार, रात्री ९.१५

वारज्यातल्या एका वृद्धाश्रमाचं रोजचं काम माझ्याकडे आहे. ३८ आजी-आजोबा, तळमजला धरून तीन मजले. वरच्या दोन मजल्यांवर दोन-दोन खाटांच्या खोल्या, तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी सहा खाटांचा हॉल. बुधवारी संध्याकाळी साडेसातला जेवणाच्या हॉलमध्ये एका आजोबांना टेबलावरच जोराची उलटी झाली. काल रात्री अकरापासून आत्तापर्यंत आणखी सहा जणांना उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झालेत, शिवाय दोन मावशींनाही. कुणालाही मोठा ताप नाही, शौचात रक्त नाही. बुधवारचे आजोबा आज बरेच सावरलेत.

सध्या फिनेलने फरशा पुसतोय, प्रत्येक मजल्यावर सॅनिटायझर ठेवलाय आणि पिण्याचं पाणी उकळतोय. हे पुरेसं आहे का? जंतुनाशक कोणतं आणि किती प्रमाणात घ्यायचं? आजारी लोकांना एका मजल्यावर हलवायचं का? कळवायचं कुणाला? एक आजोबा स्मृतिभ्रंशामुळे दिवसभर सगळ्या खोल्यांतून फिरतात, त्यांचं काय करायचं? आणि नातेवाईक विचारताहेत, आम्ही घरी घेऊन जाऊ का?

संसर्ग_परिचारिका · शुक्रवार, रात्री ९.५०

उद्या सकाळची वाट पाहू नका. एकाच इमारतीत दोन-तीन दिवसांच्या आत एकमेकांशी संबंध असलेले दोन रुग्ण झाले की साथ समजून कामाला लागायचं असतं. तुमच्याकडे नऊ आहेत. वर्णनावरून नोरोव्हायरस वाटतो, म्हणजे उलट्या-जुलाब घडवणारा, झपाट्याने पसरणारा विषाणू. तो नसला तरी पुढचं सगळं लागू पडतंच, त्यामुळे रिपोर्टसाठी थांबायचं कारण नाही.

आधी हात. सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. साबण आणि वाहतं पाणी, ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे चोळून. प्रत्येक आजीजवळ जाण्याआधी, तिथून निघाल्यावर, डायपर किंवा बेडपॅन हाताळल्यावर, जेवण वाढण्याआधी. बेसिनजवळ टांगलेला सगळ्यांचा नॅपकिन आजच काढून टाका. घरात जुन्या सुती साड्या असतील तर त्यांचे हातरुमालाएवढे तुकडे करा, एक तुकडा एकदाच वापरायचा आणि धुण्याच्या बादलीत टाकायचा.

फिनेलचा या विषाणूवर उपयोग नाही. वास येतो म्हणून स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, एवढंच. लागतो तो क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट (हायपो). ५ टक्क्यांची बाटली असेल तर दोन द्रावणं ठेवा.

दरवाजाच्या कड्या, कठडे, कमोड, नळ, टेबलं यांसाठी ०.१ टक्का : ९८० मिली पाण्यात २० मिली. दहा लिटरच्या बादलीला २०० मिली.

उलटी-शौच सांडलं असेल तिथे ०.५ टक्के : ९०० मिली पाण्यात १०० मिली.

हायपो मिळाला नाही तर ब्लीचिंग पावडर चालते. तिच्यात साधारण ३० टक्के क्लोरीन धरला तर पहिल्या द्रावणाला लिटरमागे ३.३ ग्रॅम आणि दुसऱ्याला १७ ग्रॅम. काट्यावर तोला, मूठभर-चिमूटभर नको. गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी घ्या. उघड्या पोत्यातली ओली झालेली, वास उडालेली पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन निघून गेलेला असतो.

दोन्ही द्रावणं रोज सकाळी नवी करायची, अपारदर्शक डब्यात ठेवायची, डब्यावर वेळ लिहायची. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. हात फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसलं की सगळं वाया. आणि आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मगच क्लोरीन. मळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. स्टीलचे कठडे, व्हीलचेअर, वॉकर दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंज धरतो.

संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर हायपो कधीही एकत्र होऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. साथ संपेपर्यंत अ‍ॅसिडची बाटली कुलपात ठेवा, कारण घाईत मावशी दोन्ही ओततात.

आता उलटी कशी उचलायची, कारण बुधवारी खरा प्रसार बहुतेक तिथेच झालाय. उलटी होते तेव्हा सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि आजूबाजूच्या तीनेक मीटरपर्यंत पडतात. म्हणून पहिलं काम : छताचा पंखा बंद, खिडक्या उघड्या, बाकीच्यांना बाहेर. मास्क, प्लास्टिकचा एप्रन आणि हातमोजे घाला. उलटीवर जुनी वर्तमानपत्रं किंवा फडकी टाका, त्यांच्यावर ०.५ टक्क्यांचं द्रावण ओता, १० मिनिटं थांबा. मग दोन पुठ्ठ्यांनी कडेकडून मध्याकडे गोळा करून दुहेरी पिशवीत. त्यानंतर साबणाचं पाणी, आणि पुन्हा क्लोरीन. कोरडा झाडू अजिबात नाही. काढताना आधी हातमोजे, हात धुणं, मग एप्रन, शेवटी मास्क, आणि पुन्हा हात धुणं. त्या टेबलावर आणि शेजारच्या टेबलांवर उघडं असलेलं सगळं अन्न फेकायचं, चटणी-लोणच्याच्या बरण्या आणि मिठाची वाटीसुद्धा.

हे सगळं सामान एका झाकणाच्या बादलीत भरून प्रत्येक मजल्यावर एकेक ठेवा. रात्री दोन वाजता एकट्या मावशीने हातमोजे कुठे शोधायचे?

साथरोग_पाषाण · शुक्रवार, रात्री १०.४०

वर सांगितलेली स्वच्छता सुरू होऊ द्या. त्याच वेळी एकाने कागद घेऊन बसायचं. नाव, खोली आणि खाट क्रमांक, कोणत्या दिवशी किती वाजता सुरू झालं, उलटी की जुलाब की दोन्ही, ताप, शौचात रक्त, जेवणाच्या हॉलमध्ये कुठे बसतात, नळीने अन्न घेतात का, शेवटची उलटी वा जुलाब कधी. कर्मचाऱ्यांसाठी आणखी तीन रकाने : कोणत्या मजल्यावर काम, इथलं जेवतात की डबा आणतात, दुसरीकडे ड्युटी करतात का. ही यादी साथीचं मूळ सांगते, आणि महापालिकेचे लोक आले की आधी तीच मागतात.

पाणी की अन्न की माणसाकडून माणसाला, हे वेळांवरून बरंचसं कळतं. जेवणानंतर १ ते ६ तासांत बऱ्याच जणांना एकदम उलट्या झाल्या तर जंतूंनी अन्नात आधीच तयार केलेलं विष, उदाहरणार्थ बाहेर राहिलेल्या भातातलं. साधारण ८ ते १६ तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब, उलट्या फारशा नाहीत, तर मोठ्या पातेल्यात सावकाश निवलेलं वरण किंवा रस्सा संशयित. तुमच्याकडे पहिल्या उलटीनंतर साडेसत्तावीस तासांनी पुढची लाट सुरू झाली. नोरोव्हायरसचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, १२ ते ४८ तासांचा असतो, त्यात हे नेमकं बसतं. निम्म्याहून जास्त रुग्णांना उलट्या, आजार १२ ते ६० तासांत आटोपणं आणि शौचाच्या तपासणीत जिवाणू न सापडणं, ही त्याची बाकीची लक्षणं. १९८२ पासून हे निकष वापरात आहेत.

तीन गोष्टी सांगा. ते सहा जण बुधवारी कुठे बसले होते? आजारी मावशींपैकी उलटी कुणी साफ केली? ते आजोबा त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत बाहेर गेले होते का?

शौचाचे नमुने निदान पाच जणांचे घ्या, आजार सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत. केमिस्टकडे फिरकीच्या झाकणाचा डबा मिळतो, तो वापरा. डायपरमधून घ्यायचा तर डायपर उलटा लावा, म्हणजे प्लास्टिकची बाजू आत येते आणि पातळ शौच शोषलं जात नाही. फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवा, गोठवू नका, आणि तो फ्रीज स्वयंपाकघरातला नको. नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायच्या तपासणीत, विषाणू दिसत नाही, त्याला आरटी-पीसीआर लागते. ‘कल्चर निगेटिव्ह’ आलं की काही नाही असं समजू नका.

कळवायचं महापालिकेच्या आरोग्य विभागाला, तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत. हद्दीबाहेरच्या संस्थांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला. तिथून ते एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात नोंदवलं जातं. नमुने कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचे तेही तेच ठरवतात, परस्पर एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) दारात डबे घेऊन जाऊ नका. काही संस्था बदनामीच्या भीतीने गप्प बसतात. कळवल्यावर पाण्याची तपासणी होते आणि आजूबाजूला अशाच तक्रारी आहेत का तेही समजतं. हे एकट्या संस्थेला कधीच कळणार नाही.

कर्वेनगरकर · शुक्रवार, रात्री ११.०५

सगळ्या ३८ जणांना जुलाबाची अँटिबायोटिक गोळी तीन दिवस सुरू केली तर पुढचे रुग्ण होणारच नाहीत ना? आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून पूर्ण इमारतीत जंतुनाशकाची फवारणी करून घ्यावी, एका तासात होतं.

वृद्धवैद्यक · शुक्रवार, रात्री ११.३०

कर्वेनगरकर, काळजी समजते, पण दोन्ही नको. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि वृद्धांच्या आतड्यातले चांगले जंतू मेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचा जुलाब मागे लागू शकतो, जो या नोरोपेक्षा कितीतरी वाईट. फवारणी करताना कड्या-कठड्यांवर द्रावण पुरेसा वेळ टिकत नाही, मळ निघत नाही, आणि दम्याच्या आजी-आजोबांच्या छातीत मात्र ते जातं. हाताने पुसण्याला पर्याय नाही.

व्यवस्थापक, या आजारात वृद्धांचा जीव जातो तो पाणी कमी पडल्यामुळे. म्हणून माझं सगळं सांगणं पाण्याबद्दल आहे.

वृद्धांना तहान कमी लागते, तेव्हा मागतील तेव्हा देऊ असं चालत नाही. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी बरोबर एक लिटर पाण्यात. ग्लासात अर्धी पुडी अंदाजाने टाकली की मीठ जास्त होतं आणि उलटी वाढते. पाकिटावर सोडियम क्लोराइड २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असं लिहिलेलं असलं पाहिजे. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. दर पातळ शौचानंतर २०० ते २५० मिली. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोन चमचे. बसवून किंवा डोक्याकडची बाजू उंच करून पाजा, झोपवून नाही. बनवलेलं २४ तासांनी फेका. मधुमेह आहे म्हणून ओआरएस रोखू नका, एका लिटरमध्ये साखर साडेतेरा ग्रॅमच असते. हृदय कमकुवत असलेल्यांचं किंवा डायलिसिसवर असलेल्यांचं प्रमाण मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

शहाळ्याचं पाणी सरसकट देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड अधू असलेल्या किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ते धोक्याचं. मीठ घातलेली तांदळाची पेज, पातळ ताक, मुगाचं कढण चांगलं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. उलट्या-जुलाब सुरू असतानाही सकाळचा गोळ्यांचा डबा नेहमीसारखा वाटला जातो. लघवीची गोळी, वर म्हटलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, साखरेच्या नव्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या आणि दुखण्यासाठीच्या आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी असताना मूत्रपिंड बिघडवू शकतात किंवा रक्तात आम्ल साचवू शकतात. उद्या सकाळी डबे वाटण्याआधी आजारी माणसांची औषधांची यादी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा आणि कोणती किती दिवस थांबवायची ते लिहून घ्या. इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, मात्रा विचारा आणि साखर दिवसातून चारदा तपासा. जुलाब थांबवायची गोळीही कुणी स्वतःच्या मनाने देऊ नये.

दर चार तासांनी नाडी, रक्तदाब, लघवी झाली का, आणि माणूस नेहमीसारखा बोलतोय का, एवढं टिपा. हातावरची कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का ते वृद्धांमध्ये कळत नाही, ती तशीही सैल असते. जीभ आणि काख कोरडी आहे का बघा. वरचा रक्तदाब १००च्या खाली किंवा नेहमीपेक्षा २०ने उतरलेला, आठ तासांत लघवी नाही, अचानक गोंधळ किंवा गुंगी, पोटात काहीच टिकत नाही, शौचात रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर १०८. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी घेणाऱ्यांची नाडी धोका असूनही वाढत नाही, म्हणून नाडी ७० आहे यावर समाधान मानू नका. तांदळाच्या धुवणासारखे भराभर जुलाब झाले तर ते कॉलऱ्याचंही असू शकतं. एक तासही घरी ठेवू नका. रुग्णवाहिकेला आणि रुग्णालयाला आधीच सांगा की आमच्याकडे उलट्या-जुलाबांची साथ आहे, म्हणजे ते वेगळी खाट देतील.

कुणी गेल्या महिन्या-दोन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल आणि त्यांना उलटी नाही, नुसते जुलाब असतील, तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. क्लॉस्ट्रिडियमची वेगळी तपासणी लागते.

वारजे_व्यवस्थापन · शनिवार, सकाळी ७.२०

रात्रीत आणखी दोन आजी. यादी केली. सहापैकी पाच जण बुधवारी त्याच किंवा शेजारच्या टेबलावर होते, सहाव्या आजी त्या आजोबांच्या समोरच्या खोलीतल्या, संडास एकच. आजारी मावशींपैकी एकीने उलटी पुसली होती. ती इथलं जेवत नाही, घरून डबा आणते. आजोबा सोमवारी नातवाच्या लग्नाला गेले होते, मंगळवारी दुपारी परतले. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये अजून कुणालाही काही नाही. त्यांना जेवण खाटेवर दिलं जातं, पाणी सगळ्यांना एकाच टाकीतून.

क्षेत्रीय कार्यालयाला उघडल्यावर कळवतो. सहा नमुने घेतले. हायपोची बाटली १० टक्क्यांची मिळाली. आणि माणसं कमी पडताहेत : दोन मावशी आजारी, मावशी पुरवणाऱ्या ब्युरोला आणखी दोन मागितल्यात.

साथरोग_पाषाण · शनिवार, सकाळी ८.००

मग चित्र बरंच स्पष्ट आहे. तेच पाणी आणि त्याच स्वयंपाकघरातलं अन्न घेणारा तळमजला सुरक्षित, डबा खाणारी पण उलटी पुसणारी मावशी आजारी, आणि रुग्ण टेबलाभोवती गोळा झालेले. हा माणसाकडून माणसाला झालेला प्रसार. पाणी उकळत राहा, त्याने नुकसान नाही, पण सगळी माणसं त्यात गुंतवू नका.

तळमजला वाचवणं हे आजचं पहिलं काम. तिथले लोक सगळ्यात अशक्त आहेत. तिथे वेगळ्या मावशी, वेगळी बादली, वेगळा पोछा, वेगळी बेडपॅन, रक्तदाबाचं वेगळं यंत्र. वरच्या मजल्यावरून कुणीही तिथे मदतीला जाणार नाही, रात्रीसुद्धा नाही.

संसर्ग_परिचारिका · शनिवार, सकाळी ८.४५

१० टक्क्यांची बाटली असेल तर माझे आकडे निम्मे करा : लिटरला १० मिली आणि ५० मिली, दहा लिटरच्या बादलीला १००. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. वास उग्र येतो म्हणून मावशी आणखी कमी टाकतात, म्हणून मापाचं झाकण दोरीने डब्यालाच बांधा.

आजाऱ्यांना एका मजल्यावर गोळा करण्याबद्दल. दोघेही आजारी असतील ती खोली तशीच ठेवा. एक आजारी आणि एक बरा असेल तर आजाऱ्याला दुसऱ्या आजाऱ्याच्या खोलीत नेता येतं. पण त्याच्या बऱ्या सोबत्याला निरोगी लोकांच्या खोलीत कधीच हलवू नका. त्याच्या अंगात विषाणू शिरलेला असू शकतो, ४८ तास तो आहे तिथेच राहील. म्हणजे तीन गट झाले : आजारी, संशयित, निरोगी. प्रत्येक गटाला ठरलेल्या मावशी. रात्री एकच मावशी असेल तर क्रम ठरलेला : आधी निरोगी, मग संशयित, शेवटी आजारी, आणि उलटं कधीच नाही. प्रत्येक आजारी खोलीला ठरावीक संडास किंवा कमोडची खुर्ची, फ्लश करण्याआधी झाकण बंद, वापरानंतर ०.१ टक्क्याने पुसणं. शेवटची उलटी वा जुलाब होऊन पूर्ण ४८ तास झाले की माणूस खोलीबाहेर येऊ शकतो. बुधवारच्या आजोबांना बरं वाटतंय म्हणून आज नाश्त्याला बाहेर आणू नका, तास मोजा.

फिरणाऱ्या आजोबांना कोंडू नका. ते घाबरतील, दार ठोकतील, पडतील. दिवसा त्यांच्यासोबत एकच माणूस द्या. नातेवाईक मदत करू म्हणत असतील आणि त्यांना स्वतःला काही त्रास नसेल, तर त्यांच्या घरच्या एकाला यासाठी बोलवा. फिरायची जागा ठरवून द्या, गच्ची किंवा अंगण, आजारी खोल्यांची दारं लोटलेली. दर दोन तासांनी संडासला नेणं आणि तेव्हाच हात धुणं. त्यांच्या वाटेवरचे कठडे आणि कड्या दिवसातून चार वेळा पुसा.

या वस्तू हमखास राहून जातात : टीव्हीचा रिमोट, बेलचं बटण, पत्त्यांचा जोड, चष्म्याची पेटी, काठीची मूठ, पाण्याच्या माठाचं ओगराळं. पत्ते आणि वर्तमानपत्रं आठवडाभर बंद. माठाला तोटी नसेल तर माठ बंद.

कर्मचाऱ्यांबद्दल हात जोडून सांगते. आजारी मावशी शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास कामावर येता कामा नये, आणि ते दिवस भरपगारी द्या. रोजावर काम करणाऱ्या बाईचे दोन दिवसांचे पैसे कापले जाणार असतील तर ती दुखणं लपवून येईल. तिच्या हातून आणखी दहा जण आजारी पडतील. ब्युरोच्या नव्या मावशी येतील त्यांना आधी विचारा, दुसरीकडे रात्रपाळी करता का. साथ संपेपर्यंत एकच जागा.

भटारखाना_सांभाळणारा · शनिवार, सकाळी १०.१०

स्वयंपाकघर आणि धुण्याबद्दल थोडं.

स्वयंपाक करणारा माणूस कुणाचंही डायपर बदलणार नाही, आजारी खोलीत ताट नेणार नाही. ताटं दारापर्यंत, पुढे मावशी. सगळ्यांचं जेवण खोलीत, जेवणाचा हॉल बंद. कोशिंबीर, चिरलेली फळं, हाताने वळलेले लाडू, आरतीनंतर हातावर द्यायचा प्रसाद, चिवड्याचा सामाईक डबा, हे सगळं थांबवा. गरम आणि ताजं, उरलेलं ठेवायचं नाही. रोजच्या प्रत्येक पदार्थाचा १०० ग्रॅम नमुना स्वच्छ डब्यात तारीख घालून फ्रीजमध्ये ७२ तास ठेवायची सवय कायमची लावा, पुढे अन्नावर संशय आला तर तपासायला काहीतरी हातात असेल. आजारी खोल्यांतली भांडी वेगळ्या टबात, साबणाने घासून मग उकळत्या पाण्यात.

आरओच्या पाण्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. यंत्रातला कार्बन आणि पडदा पाण्यातला क्लोरीन काढून टाकतात, त्यामुळे पुढे स्टीलच्या टाकीत साठवलेल्या पाण्याला जंतूंपासून कसलंच संरक्षण उरत नाही. ती टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासा.

कपडे झटकू नका. खोलीतच पिशवीत भरा, चिकटलेलं शौच टिश्यूने काढून संडासात टाका, आणि पिशवी छातीशी धरून नेऊ नका. मशीनमध्ये ६० अंशांवर, अर्धंच भरून, बाकीच्यांच्या कपड्यांपासून वेगळं. मशीनमध्ये गरम पाण्याची सोय नसेल तर पातेल्यात उकळा. मग कडक उन्हात. वापरलेले डायपर दुहेरी पिशवीत घट्ट बांधून त्यावर लाल खूण करा आणि कचरा घेणाऱ्या ताईंना तोंडी सांगा.

वारजे_व्यवस्थापन · रविवार, रात्री ८.३०

काल दुपारनंतर एक नवा रुग्ण, आज एकही नाही. एका आजींना काल १०८ने हलवलं, रक्तदाब ९० होता, सलाईननंतर आता बऱ्या आहेत. तळमजला अजून सुरक्षित. महापालिकेचे लोक येऊन पाण्याचे आणि शौचाचे नमुने घेऊन गेले. टाकीच्या पाण्यात क्लोरीन अजिबात दिसला नाही. गेल्या आठवड्यात टँकर मागवला होता. नातेवाईकांना काय सांगू? आणि साथ संपली असं कधी म्हणायचं?

साथरोग_पाषाण · रविवार, रात्री ९.२०

नातेवाईकांना खरं सांगा : किती जण आजारी, कधीपासून, काय चाललंय. घरी नेलं तर ४८ तासांत तिथे आजार उफाळू शकतो, घरात लहान मूल किंवा दुसरे वृद्ध असतील तर त्यांनाही. तरीही न्यायचंच असेल तर वेगळा संडास आणि वर लिहिलेलं सगळं लिहून सोबत द्या. भेटी थांबवा, पण रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून द्या. अत्यवस्थ माणसाच्या घरच्यांना अडवू नका, त्यांना हात धुवायला आणि एप्रन घालायला शिकवा. नवा प्रवेश, न्हावी, फिजिओथेरपिस्ट, भजनी मंडळ, विद्यार्थ्यांची भेट, सगळं पुढे ढकला.

शेवटचा नवा रुग्ण ज्या दिवशी आजारी पडला तिथून चार दिवस, म्हणजे अधिशयन काळाच्या दुप्पट, एकही नवा नाही आणि जुने सगळे ४८ तास लक्षणमुक्त, तर साथ संपली. तुमचा शेवटचा शनिवारी दुपारचा, तेव्हा सगळं ठीक राहिलं तर बुधवारी संध्याकाळी. त्याआधी हॉल उघडू नका. त्या दिवशी पडदे, उशांचे अभ्रे, खुर्च्यांची कव्हरं धुऊन पूर्ण इमारत एकदा वरून खाली पुसून घ्या. बरं झालेल्या माणसाच्या शौचातून विषाणू दोन आठवडे आणि कधीकधी त्याहूनही जास्त बाहेर पडत राहतो, त्यामुळे साबणाने हात धुणं आणि कमोड क्लोरीनने पुसणं चालूच ठेवा.

टाकीत क्लोरीन नसणं ही या साथीपेक्षा वेगळी अडचण आहे, पण ती याच आठवड्यात सोडवा. टाकी उपसून घासा, भरा, हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (आधी बादलीत कालवून, निवळ घ्या), सगळे नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा, रात्रभर ठेवा, सकाळी ओतून द्या. ते पाणी कुणी पिणार नाही याची पाटी लावा. त्यानंतर रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम, अर्ध्या तासाने तपासणी. सगळ्यात लांबच्या नळाला उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलीग्रॅम दिसला पाहिजे. तपासणीचा छोटा संच विकत मिळतो, रोज सकाळी आकडा वहीत. टँकर आला की टाकीत सोडण्याआधी तपासा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलान-बारेचे (जुलाबांनंतर कधीकधी होणाऱ्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू सापडला होता आणि पाण्यावर संशय गेला होता. म्हणून पुढचे तीन-चार आठवडे, या सगळ्यांतून बऱ्या झालेल्या कुणाच्या पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय लुळे पडले, गिळायला त्रास झाला, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या आणि तिथे सांगा की अमुक तारखेला जुलाब झाले होते. तुमच्या यादीत शेवटचा रकाना त्यासाठी वाढवा.

वारजे_व्यवस्थापन · गुरुवार, दुपारी १२.४५

शनिवारनंतर नवा रुग्ण नाही. तळमजल्यावर एकही झाला नाही. शौचाच्या नमुन्यांपैकी चारांत नोरोव्हायरस. टाकी मंगळवारी धुतली, आज लांबच्या नळाला ०.३. हॉल आज दुपारच्या जेवणाला उघडला, वाढायला एकच माणूस. यादीतला नवा रकाना आखलाय, महिनाभर रोज भरणार. दोघी मावशी उद्यापासून येतील, त्यांचे दिवस कापलेले नाहीत.